गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या कुपवाडहून मिरज फार दूर नाही. बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी अथवा आगगाडी धरण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे वारंवार जातात. परंतु सतारी व तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या दुकानांवरून जाताना, हे भोपळे आणि या तारा आपल्या प्रांतातल्या सामान्य घरांत कोणी पोहोचविल्या, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येत असेल. थोर पुरुष म्हटला की तो दूरदेशीचा असावयाचा, अशी आपली समजूत झालेली असते. ज्यांचे चरित्र आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत, त्यांचे आडनाव आपल्याच जिल्ह्यातील एका गावावरून पडले. त्यांचा जन्म कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीक झाला, विद्या मिरजेत झाली आणि अखेरचा श्वासही त्यांनी मिरजेतच घेतला. मध्यंतरीच्या पस्तीस वर्षांत मात्र त्यांनी सारा हिंदुस्थान पायाखाली घातला.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ उपनाव गाडगीळ. परंतु पूर्वज पलूस येथे राहिल्यामुळे पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कीर्तन ही आपल्या महाराष्ट्राची फार जुनी लोकशाळा होय. तेथे दरवाजावर पहारा नसतो, आसनाचा मान नसतो. पाटील, कुणबी, विधवा, पोर सर्वच एका देवळाच्या ओसरीवर बसतात, आणि बुवांनी पद आरंभिले की टाळ्यांचा ठेका धरून धृपद सर्वांनी उचलावयाचे असते. कीर्तनात ऐकणारा हा केवळ ऐकणारा राहत नाही. लहानग्या विष्णूच्या कानांवर जे पहिले गाणे पडले ते अशा प्रकारचे होते. पुढे दरबारी गायकीत प्रवीण होऊनही त्यांचे मन दरबारात रमले नाही, याचे एक बीज येथे असावे असे आम्हांस वाटते.

कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धनांचे लहानसे संस्थान होते. दिगंबरपंतांवर संस्थानिकांचा लोभ असल्याने मुलाच्या शिक्षणाची सोय चांगली लागली होती. मुलगा हुशार होता. तो शिकून कारभारी होईल, निदान मामलेदार तरी होईल, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास नवल नाही. परंतु एका उत्सवप्रसंगी शोभेच्या दारूचा भडका तोंडावर येऊन त्याचे डोळे भाजले. दृष्टी पार गेली नाही, पण इतकी अधू झाली की पुस्तकाशी संबंध सुटल्यासारखाच झाला. आपल्या परिसरात डॉक्टर वानलेस यांनी मिरजेस मिशनचे रुग्णालय काढले ते १८९४ मध्ये. हा अपघात त्यापूर्वीचा. तरीही उपचारासाठी मुलास मिरजेलाच नेण्यात आले. तेथे डॉक्टर भडभडे यांनी डोळ्यांचा इलाज केला. पण पूर्वीची दृष्टी परत येणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा आवाज गोड असलेल्या या मुलास गायन शिकवावे असा सल्ला त्यांनीच दिला. वैद्याने औषध देऊन थांबावे, पुढचे आयुष्य कसे काढावे हे रोग्याचे रोग्याने पाहावे, असा सामान्य रिवाज आहे. या गृहस्थांनी तेवढ्यावर न थांबता मुलाला एक वाट दाखविली.

मिरजेस त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत असत. बुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी फार कष्टाने संपादन करून महाराष्ट्रात आणली होती. विद्येसाठी त्यांनी उपाशीपोटी केलेल्या पायपिटीच्या गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. त्या पद्धतीत गुरूच्या घरी राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे, गुरूची मर्जी असेल तेव्हा जे मिळेल ते कानाने टिपून घ्यावयाचे आणि पहाटे उठून तोच तो पलटा शेकडो वेळा घोटावयाचा असा क्रम असे. लिहून घेण्याची सोय नव्हती, क्रम ठरलेला नव्हता आणि आपण किती शिकलो व किती राहिले हे शिष्यास कळण्याचा मार्गही नव्हता. सुमारे नऊ वर्षे विष्णूने ही तपश्चर्या केली. अधू डोळ्यांचा एक लाभ असा झाला असावा की ज्याला वाचावयाचे नाही त्याचा कान अधिक जागा राहतो. काही झाले तरी, १८९६ च्या सुमारास मिरजेतील लोक त्यांस बुवांचा पट्टशिष्य म्हणून ओळखू लागले होते आणि संस्थानिकांची कृपाही त्यांच्यावर होती. आयुष्यभर पुरेल एवढी दूधभाकरी समोर वाढून ठेवलेली होती.

ती त्यांनी का सोडली याविषयी एक प्रसंग सांगतात. गावातील एका समारंभास नगरातील प्रतिष्ठित मंडळींस आमंत्रणे गेली, विष्णूसही गेले. परंतु प्रत्यक्ष गुरूंना मात्र गेले नाही. कारण विचारता असे समजले की ते गवई, त्यांस आमंत्रण कशाला? ज्यांच्या गाण्यास दरबार माना डोलावीत असे, त्याच माणसास मंडपात बसण्याइतकी किंमत नव्हती. ही गोष्ट शिष्याच्या वर्मी लागली. प्रसंग जसाच्या तसा घडला असो अथवा सांगता सांगता त्यास थोडा रंग चढला असो, त्यातील वस्तुस्थिती मात्र खरी होती. त्या काळचा गवई हा श्रीमंताच्या घरचा अलंकार असे. अलंकार पेटीतून काढावा, मिरवावा आणि परत पेटीत ठेवावा. सभ्य गृहस्थाच्या मुलाने गाणे शिकणे म्हणजे घराण्यास बट्टा, आणि मुलीने शिकणे ही तर बोलावयाचीही गोष्ट नव्हती. एकीकडे गाणे ऐकण्याची हौस व दुसरीकडे गाणाऱ्याविषयी तिरस्कार, असा हा विपरीत न्याय होता.

१८९६ मध्ये विष्णु दिगंबर मिरजेबाहेर पडले. जवळ द्रव्य नव्हते, डोळे अधू, आणि भाषा मराठीखेरीज दुसरी धड येत नव्हती. औंध, सातारा करीत ते बडोद्यास गेले, पुढे ग्वाल्हेर पाहिले, सौराष्ट्रात हिंडले, मथुरेस राहून व्रजभाषेचा परिचय करून घेतला, आणि दिल्ली, जालंदर या वाटेने लाहोरास पोहोचले. सौराष्ट्रात असता त्यांनी एक नवीच गोष्ट केली. राजवाड्यातील आमंत्रणाची वाट न पाहता तिकीट लावून जाहीर जलसा केला. ज्यास ऐकण्याची इच्छा असेल त्याने ठरलेले मूल्य द्यावे आणि यावे. त्यास कुळी विचारावयाची नाही, पागोटे पाहावयाचे नाही.

आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिचे महत्त्व सांगू गेल्यास विद्यार्थी हसतील. परंतु तिकिटाचा तो कागदी तुकडा ही एक क्रांती होती. आपल्या शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर हा खेळ केला तो संस्थानिकांच्या आश्रयाने; पुढे तो आश्रय सुटल्यावर त्यांची मंडळी मुंबईस गेली आणि १८५३ मध्ये तिकीट लावून खेळ करू लागली, तेव्हा मराठी रंगभूमी खऱ्या अर्थाने लोकांची झाली. नाटकास जे भाग्य चाळीसहून अधिक वर्षे आधी लाभले होते ते गायनास विष्णु दिगंबरांनी मिळवून दिले. राजाश्रय हा एका माणसाच्या लहरीवर व आयुष्यावर अवलंबून असतो. लोकाश्रयात प्रत्येकाचा वाटा लहान, म्हणून कोणा एकाचा रुसवा कलेस मारू शकत नाही. अर्थात लोक रुसले तर सगळेच रुसतात, हाही अनुभव पंडितजींना पुढे यावयाचा होता.

लाहोर हे त्या काळी नव्या विचारांचे शहर होते. मिशनचे फोरमन कॉलेज तेथे होते, आर्यसमाज व ब्राह्मसमाज यांची मंडळे जोमात होती, वकील, शिक्षक, न्यायाधीश असा नवशिक्षित वर्ग वाढत होता. अशा ठिकाणी ५ मे १९०१ रोजी पंडितजींनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. नावास भव्य असले तरी आरंभी तेथे शिक्षक एक आणि विद्यार्थी जवळजवळ नाहीतच, अशी स्थिती होती. शाळेची वेळ झाली की पंडितजी तंबोरा घेऊन नियमाने बसत व कोणी नसले तरी आपलाच रियाज करीत. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. कोणा राजाने दिलेल्या सनदेवर ही शाळा उभी नव्हती. तिची फी होती, वर्गणी होती, देणग्या होत्या आणि पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न होते. सर्वसाधारण लोकांच्या बळावर चालणारी व सर्वांस खुली अशी गायनशाळा म्हणून संगीताच्या इतिहासात तिचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

शाळेची रीत कशी होती ते पाहण्याजोगे आहे. घंटा, वेळापत्रक, प्रार्थना, फळा, इयत्ता, परीक्षा ही सर्व साधने आपल्या शाळांतून असतात तशीच पंडितजींनी गायनात आणली. गाणे कागदावर उतरविता यावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली. स्वराचा उंचसखलपणा व कालाचे माप दाखविणारी चिन्हे ठरविली. मग क्रमिक पुस्तके छापली. लहान मुलांपासून थोरांपर्यंत अशी त्यांची पन्नासाहून अधिक पुस्तके निघाली. ज्याच्या डोळ्यांस अक्षर दिसणे कठीण त्याने पुस्तकांचा एवढा संसार मांडावा, हे नवलच नव्हे काय? गायनातील ज्या पदांचे शब्द शृंगाराने बरबटलेले होते ते काढून त्याच चालींवर त्यांनी भक्तीची पदे बसविली, म्हणजे बापाने मुलीदेखत व मुलाने आईदेखत गाण्यास संकोच राहिला नाही. स्त्रियांसाठी वर्ग काढले. आणि ज्यांना पुढे शिक्षक व्हावयाचे होते अशा होतकरू मुलांसाठी निराळा उपदेशकवर्ग ठेवला. हे विद्यार्थी बरीच वर्षे शाळेतच राहत, त्यांचे जेवणखाण शाळा करी, आणि शिकून झाल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन विद्या पसरावी अशी योजना होती. आपल्या मिशनांनी शिक्षकांसाठी ज्या शाळा काढल्या त्यांची आठवण ही व्यवस्था वाचून आम्हांस झाल्याशिवाय राहत नाही.

पंडितजींचे म्हणणे असे असे की आपल्या शाळेतून प्रत्येक जण तानसेन होऊन निघणार नाही, परंतु कान तयार झालेले श्रोते निघाले तरी काम झाले. या विचारात त्यांच्या सर्व कार्याचे मर्म आहे. कलेला जसा कर्ता हवा तसा भोक्ता हवा, आणि भोक्ता नुसता पैसे देणारा नव्हे, तर ज्याने स्वतः दोन स्वर लावून पाहिले आहेत, ज्यास बेसूर झाल्याची लाज वाटलेली आहे, असा हवा. ज्याने कधी चाक फिरविले नाही त्यास कुंभाराच्या हाताची किंमत कशी कळणार? पश्चिमेकडेही असेच घडले आहे. जर्मनीत मार्टिन लूथर यांनी उपासनेतील गायन केवळ गायकवृंदाकडे न ठेवता मंडळीच्या मुखात घातले. त्यांच्या अनुयायांचे पहिले गीतपुस्तक १५२४ मध्ये निघाले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील जॉन कर्वेन या पाळकांनी गिरणीतील मजुरांस व रविवारच्या शाळेतील मुलांसही गाता यावे म्हणून सोपी स्वरलिपी प्रचारात आणली. लूथर, कर्वेन व पलुसकर यांचे धर्म, देश व काळ निरनिराळे; परंतु गाणे ऐकणाऱ्याच्या तोंडी आले पाहिजे, हा आग्रह तिघांचा एकच दिसतो. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तन आणले तेही याच काळात, हा योगायोग आम्हांस लहान वाटत नाही. परकी चालींवर ओठ हलविणारी मंडळी आपल्या चालींवर गाऊ लागली, तेव्हाच ती खरोखर गाऊ लागली.

१९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईस शाखा काढली आणि पुढे तेच त्यांच्या कार्याचे मुख्य ठाणे झाले. विद्यार्थ्यांची गर्दी झाली. सँढर्स्ट रोडवर शाळेची स्वतःची मोठी इमारत उठली. वाद्ये तयार करण्याचा कारखाना, पुस्तके छापण्याचा छापखाना, विद्यार्थ्यांचे वसतिगृह असा मोठा व्याप मांडला गेला. त्यांचे जलसेही पाहण्यासारखे असत. पूर्वीच्या बैठकीत गवई केव्हा येईल आणि गाणे केव्हा संपेल याचा नेम नसे; विडे, तंबाखू, गप्पा व मधूनच वाहवा यांत रात्र सरे. पंडितजींचा जलसा छापील वेळेवर सुरू होई, श्रोते शांत बसत, आणि बायकामुलांस घेऊन कुटुंबाने यावे अशी तेथे मर्यादा असे. गाण्याबरोबर ऐकण्याचेही एक शिक्षण असते, हे त्यांनी लोकांस शिकविले.

गायन चार भिंतींबाहेर न्यावयाचे तर ते जेथे लोक जमतात तेथे नेले पाहिजे, म्हणून पंडितजी राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गात असत. १९२३ मध्ये काकिनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आपल्या धर्मभावनेमुळे गायनास हरकत घेतली. हे व्यासपीठ कोणा एका धर्माचे मंदिर नव्हे, राष्ट्राचे आहे, असे उत्तर देऊन पंडितजींनी गीत पुरे केले. या प्रसंगी कोणाची बाजू घ्यावी यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस एवढेच दिसते की ज्या सभेत सर्वांनी मिळून गावे अशी इच्छा असते, तेथे काय गावे हा प्रश्न फार नाजूक होतो. आणि दुसऱ्याचे मौन सहन करणे हाही समूहगानाचाच एक भाग आहे. पंडितजींच्या धैर्याविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

त्यांच्या गायनाचा याहून शांत असा परिणाम निराळ्याच मार्गाने झाला. नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचे शिष्य महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तेथील सकाळसायंकाळच्या प्रार्थनेस त्यांनी सूर दिला. आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी जी तुकडी दांडीकडे चालत गेली तिच्यात खरे होते, आणि वाटेने जी रामधून म्हटली जात असे तिची चाल पंडितजींचीच असे मानतात. धुळीच्या रस्त्याने, अनवाणी, गावोगावच्या माणसांनी मिळून म्हटलेली ती धून कोणत्याही दरबारात कधी गायिली गेली नसती. तान घेण्यास तेथे वाव नव्हता. श्वास एकत्र घेण्यास मात्र होता.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. मुंबईची इमारत कर्जावर उठली होती. उपदेशकवर्गातील विद्यार्थ्यांचा खर्च शाळेवर, आणि जमेची बाजू पंडितजींच्या गळ्यावर. ते गावोगाव जलसे करून पैसे आणीत व सावकारांस देत. परंतु व्याजाची भूक जलशांनी भागेना. अखेर १९२४ मध्ये ती इमारत लिलावात गेली. ज्या लोकांसाठी हे सर्व चालले होते त्या लोकांनी वेळीच हात पुढे केला असता तर ती वाचली असती असे म्हणणे सोपे आहे. पण टाळ्या वाजविणारे हात आणि थैली सोडणारे हात हे नेहमीच एका माणसाचे नसतात. यात पंडितजींच्या हिशेबीपणाचीही उणीव होती, हे नाकारता येत नाही; त्यांनी कामाचा अंदाज श्रद्धेने केला, जमाखर्चाने केला नाही.

दुसरा आक्षेप त्यांच्या पद्धतीवर आहे. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या शास्त्राची जी खोल छाननी केली तशी पलुसकरांच्या पुस्तकांत नाही, असे जाणते लोक म्हणतात. वर्गात पन्नास मुलांस एकदम शिकविले की गाणे सपाट होते, घराण्याची खोच नाहीशी होते, अशीही तक्रार आहे. तीत तथ्य नाही असे नाही. आजही गायनाच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची दृष्टी प्रमाणपत्रावर व शाळेत मिळणाऱ्या वाढीव गुणांवर असते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. तिसरी एक गोष्ट याहूनही अवघड आहे. गायन सभ्य गृहस्थांच्या घरात आणताना ज्या कलावंतिणींनी व ज्या मुसलमान उस्तादांनी ती विद्या शतकानुशतके जतन केली होती, त्यांस या नव्या मांडवात पुढची जागा मिळाली नाही. दार उघडले, पण ज्यांनी घर राखले होते त्यांपैकी कित्येक बाहेरच उभे राहिले. गुरूस आमंत्रण न मिळाल्याचे शल्य ज्या पुरुषाने जन्मभर बाळगले त्याच्याच चळवळीत असे व्हावे, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि लाभाचे पारडे पाहू गेल्यास ते फार जड आहे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी शिष्यांची नावे संगीताच्या इतिहासात सर्वांस परिचित आहेत. यांपैकी पटवर्धन व देवधर हे मिरजेचे. देवधरांनी मुंबईस, पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास गायनशाळा चालू केल्या. ठाकूर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापक झाले. परंतु यांच्यामागे जे शेकडो अनाम शिक्षक गेले, ज्यांनी तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेऊन संध्याकाळी पेटी व तबला मांडला, त्यांची मोजदाद कोण करणार? त्यांच्यामुळे कारकुनाच्या घरी तंबोरा आला, मुलगी चार माणसांत बसून गाऊ लागली, आणि तिच्या गाण्यास आलेले शेजारी एरवी एकमेकांशी बोलतही नसत ते एका सतरंजीवर बसू लागले. मिरजेच्या कारागिरांचेही पाहा. शिकलगारांच्या कुटुंबांतील लोक शस्त्रांची धार सोडून तंतुवाद्यांकडे वळले ते एकोणिसाव्या शतकात. पण केवळ संस्थानिकांच्या गवयांना वाद्ये पुरवून ती घरे किती पिढ्या जगली असती? देशभर गायनवादन शिकणारी मुले वाढली म्हणून पंढरपूरकडील भोपळ्यास गिऱ्हाईक राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मानात पंडितजींच्या शिष्यप्रशिष्यांचा वाटा आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पंडितजींच्या घरगुती आयुष्यात सुख फार नव्हते. बारा अपत्यांपैकी अकरा बालपणीच गेली. केवळ दत्तात्रेय नावाचा एक मुलगा राहिला, त्याचा जन्म १९२१ चा. अशा दुःखांतून माणूस कडवट तरी होतो अथवा देवाकडे तरी वळतो. पंडितजी उत्तरायुष्यात नाशकास जाऊन राहिले, तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला, भगवी वस्त्रे धारण केली आणि तुळसीदासांच्या रामायणावर गायनासह प्रवचने करण्यात काळ घालविला. डोळ्यांचा उरलासुरला प्रकाशही गेला होता. कीर्तनकाराचा मुलगा फिरून फिरून शेवटी कीर्तनाच्याच अंगणात आला. धर्माने आम्ही निराळे असलो, तरी ज्याचे सर्वस्व लिलावात गेले तो माणूस प्रार्थनेने उभा राहतो, हे पाहून आमचे मस्तक नम्र होते.

१९३१ मध्ये प्रकृती फारच ढासळली, तेव्हा त्यांस मिरजेस आणण्यात आले. ज्या गावात गुरूचा अपमान पाहून ते बाहेर पडले होते, त्याच गावात २१ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादेस एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत ज्या परीक्षांस आपल्या भागातील मुले अजूनही बसतात त्या याच मंडळाच्या. दत्तात्रेय त्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्यास शिकविले, आणि पुढे डी. व्ही. पलुसकर या नावाने त्याची भजने ध्वनिमुद्रिकांतून घरोघर गेली. तोही १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षीच निवर्तला. १९७३ मध्ये भारत सरकारने विष्णु दिगंबरांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.